दुसरा फटका

"आठ दिवस स्वतःची समजून चालव," विपुलशेठ म्हणाले आणि त्यांनी ट्रकची चावी टेबलावरून विनोदकडे सरकवली. "पटलं तर नावावर करून देतो, भाड्यातून हप्ते फेड. नाय पटलं तर नोकरी आहेच आपली."

तलासरीच्या या शेठकडे विनोद तरुणपणापासून ड्रायव्हर होता. हिवाळ्यात उधव्याच्या वखारीतून सुक्या गवताच्या गासड्या भरायच्या आणि मुंबईकडच्या तबेल्यांना पोचवायच्या, यात त्याचं आयुष्य चाललं होतं. स्वभावाने अगदी गरीब. रानशेतला, त्याच्या पाड्यावर, त्याच्या पळण्याची थट्टा व्हायची. रस्त्यावर कुणी ट्रकला धडकलं की चूक कुणाची हे कुणी विचारत नाही, आधी ड्रायव्हरला बडवून काढतात. म्हणून ड्रायव्हरांचा रिवाजच असा, की गाडी तिथेच सोडायची, जीव घेऊन पळायचं आणि थेट पोलीस ठाण्यात हजर व्हायचं. विनोद असा दोनदा पळाला होता, त्यात एकदा तर चपला टाकून. गाडी शेठची, काचा शेठच्या, मग ह्याने कशाला डोकं फोडून घ्यायचं?

त्याच्या बायकोला, शितलला, नेमकी तीच भीती होती. नोकरीत पळता तरी येतं, गाडी तुझी झाली तर तू कुठे पळशील, उभा राहून मार खाशील, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. तरी त्याने चावी घेतली. दुसऱ्याची गाडी पुसून पुसून त्याला कंटाळा आला होता, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

चार दिवस स्वारी खुशीत होती. रोज झेंडूचा ताजा हार, टायरसुद्धा पाण्याने धुतलेले. वखारीत एक हमाल सावलीसाठी गाडीला टेकला, तर विनोद त्याच्यावर खेकसला. हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. हा माणूस कधी कुणावर खेकसत नसे.

पाचव्या दिवशी दुपारी गवत भरून तो उधव्याहून निघाला. एका वळणावर चुकीच्या बाजूने मोटरसायकल आली, ट्रकच्या मागच्या चाकाला घासली आणि चालवणारा तरुण रस्त्यावर फेकला गेला. त्याच्या पायातून रक्त वाहत होतं, पण तो ओरडत होता, म्हणजे जिवंत होता. विनोदने ब्रेक दाबला. बघता बघता शेजारच्या पाड्यावरची माणसं धावत आली. पहिल्या दगडाने समोरची काच फुटली, दुसरा त्याच्या कपाळाला लागला. त्याने दार उघडून खाली उडी मारली. दोघातिघांनी त्याला लाथा घातल्या, एकाने कॉलर धरली. ती हिसडून तो सुटला. समोर कापलेलं भातशेत मोकळं पडलं होतं.

तेवढ्यात त्याला आगपेटी दिसली. एक माणूस गासड्यांपाशी उभा राहून काडी ओढत होता. सुकं गवत, वर ऊन. एक काडी पुरली असती.

विनोद मागे फिरला. केबिनमधून त्याने टॉमी, म्हणजे चाकाचे नट खोलायचा लोखंडी दांडा, ओढून काढला आणि त्या माणसाच्या तोंडावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. काडी विझली, आगपेटी उडाली, माणूस खाली कोसळला. त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले. विनोदने पुन्हा टॉमी उचलला आणि त्या हातांवर घातला.

मग कुणी पुढे आलं नाही. पोलीस येईपर्यंत तो आई-माईवरून शिव्या देत ट्रकभोवती फिरत होता.

गवत जाळायला निघालेल्यांना केस नको होती, शेठलाही नको होती. प्रकरण आपसात मिटलं. त्या तरुणाचा पायही वाचला. स्टँडवर ड्रायव्हरांनी विनोदला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. आता खरा मालक शोभतोस, असं शेठ म्हणाले. शितलचंसुद्धा मत फिरलं.

"घेऊन टाक गाडी," त्याच्या कपाळाची पट्टी बदलता बदलता ती म्हणाली. "तुला राखता येते."

"त्याला दोनदा मारलं मी."

"तो जाळणार होता."

"पयल्या फटक्याला जाळणार होता. दुसऱ्याच्या वेळी खाली पडलेला, शितल. नि मला बरं वाटलं मारताना."

तिने पट्टी जरा घट्टच बांधली.

मार खाल्लेल्या माणसाचं नाव धाकल्या. पडलेल्या तरुणाचा काका. उधव्याच्या वखारीतला हमाल. गाडीला टेकल्याबद्दल विनोद ज्याच्यावर खेकसला होता तोच. विनोद त्याला बघायला डहाणूच्या दवाखान्यात गेला. धाकल्याचा जबडा तारेने बांधलेला होता आणि त्याची बायको त्याला चमच्याने पेज पाजत होती. विनोद दारात उभा राहिला. त्याला पाहताच धाकल्याने प्लास्टर घातलेले दोन्ही हात उचलून तोंडाआड धरले. पेज गोधडीवर सांडली. विनोद मागे वळला. त्याला स्वतःची मनापासून शिसारी आली.

शेठला त्याने नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं, तर म्हणाला, झेपणार नाही. शेठ हसले, स्टँडवरचेही हसले. पळपुटा तो पळपुटाच, असं ठरून गेलं. शितल पुष्कळ दिवस त्याच्याशी धड बोलत नव्हती. ट्रक दुसऱ्याच्या नावावर झाला आणि विनोद तोच ट्रक पगारावर चालवू लागला.

पुढच्या हिवाळ्यात धाकल्या वखारीत कामाला परतला. गाल एका बाजूला बसलेला, दोन बोटं वळत नसलेली. विनोद केबिनमधून उतरला की तो हातातली गासडी तिथेच टाकून ट्रकच्या पलीकडे जायचा. दोन खेपा असं झालं. तिसऱ्या खेपेपासून विनोदने उतरणंच सोडलं. इतर ड्रायव्हर आंब्याखाली चहा पीत बसायचे. विनोद काचा वर करून, दार लावून, उन्हाने तापलेल्या केबिनमध्ये बसून राहायचा, मागची शेवटची गासडी चढेपर्यंत.