तीन मीटर वर, तीन मीटर खाली

बाळंतपणाच्या रजेवरून परतून तिला पाचच दिवस झाले होते, आणि खाणीच्या ऑफिसात तिचं नाव मागे पडून ‘सुट्टीवाली’ रूढ झालं होतं. पाळणाघरातून फोन येईल या धास्तीने मोबाइल मांडीवर ठेवूनच ती मीटिंगला बसायची.

फोरमनने हेल्मेट टेबलावर आदळलं. “चार दिवस मशीन लावलंय त्या पायरीवर. रिपोर्ट म्हणतो साठ हजार घनमीटर खनिज. निघतोय नुसता दगड.”

नियोजनाचे साहेब सावकाश तिच्याकडे वळले. “रिपोर्ट मॅडमच्या लॉगिनचा आहे. पोटात बाळ, डोक्यात बाळ, दुसरं काय होणार? उद्यापासून स्टोअरला बसा. नट-बोल्ट मोजणं जमेल ना?”

कोणीतरी फिसकन हसलं. पाच वर्षं घासून मिळवलेली खुर्ची होती ती. तिने लॅपटॉप उघडला.

खाण दहा-दहा मीटरच्या पायऱ्यांनी खाली जाते. सॉफ्टवेअर तेवढ्याच उंचीच्या पट्ट्या पाडून प्रत्येकीत खनिज किती, दगड किती ते सांगतं. पट्ट्या कुठल्या उंचीपासून पाडायच्या, ते मात्र माणसाने सांगायचं. इथल्या पायऱ्यांचे तळ समुद्रसपाटीपासून सहाशे तेहतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न मीटरवर. तिने भरून ठेवलेला आकडा त्रेचाळीसचा. समोर दिसत होता सहाशे चाळीस.

“हे चाळीस कोणी केलं?”

“आकडा गोल दिसतो. एकूण बेरीज जुळतेय ना?” साहेब म्हणाले.

“जुळणारच. घराचे मजले अर्ध्या भिंतीत कापले तरी घर तेवढंच राहतं. फक्त स्वयंपाकघर भलत्याच मजल्यावर जातं.” ती फोरमनकडे वळली. “काका, खालच्या पायरीच्या वरच्या तीन मीटरचं खनिज या पायरीच्या नावावर चढलंय. ते तुमच्या मशीनच्या पायाखाली आहे.”

“म्हणजे जेवणावर उभं राहून आम्ही उपाशी,” फोरमन पुटपुटला.

“लॉगिन तुमचंच आहे,” साहेबांनी पुन्हा तेच पुढे केलं. ती रजेवर जाताना पासवर्ड त्यांनीच मागून घेतला होता. ‘अडलं तर असू दे.’

तिने स्क्रीन सगळ्यांकडे फिरवला. रिपोर्टच्या तळाशी तो काढल्याची वेळ होती. “पाच महिन्यांपूर्वीची नऊ तारीख, सकाळी अकरा चाळीस. पावणेबाराला माझी मुलगी झाली. हॉस्पिटलचा कागद आहे. तेव्हा माझ्या हातात माउस नव्हता.”

“मला कागद दाखवता?” साहेबांचा आवाज खाली आला. “लक्षात ठेवीन.”

“ठेवा. तारखेसकट ठेवा.”

तिने आकडा बदलला, रिपोर्ट पुन्हा काढला. त्या पायरीवर खनिज उरलं जेमतेम नऊ हजार. फोरमन हेल्मेट उचलून मशीन हलवायला निघून गेला. तिने छापील रिपोर्टवरच्या ‘दुरुस्ती’पुढे सही केली आणि ‘आधीचा रिपोर्ट काढणारा’ ही ओळ कोरी ठेवून कागद, त्यावर पेन, साहेबांपुढे सरकवलं.

साहेबांनी पेन उचललं नाही. तिनेही ते मागे घेतलं नाही.