पांढऱ्या पट्ट्यांवरची चाल

साध्या कपड्यांत रस्ता ओलांडायचा, एवढंच माझं काम होतं. आणि नेमकं तेच मला जमत नव्हतं.

मी वाहतूक पोलीस. लेक तीन वर्षांची होईपर्यंत कचेरीत टेबलामागे बसले आणि यंदा पुन्हा रस्त्यावर आले. येताना साहेबांच्या मागे लागून एक जागा मागून घेतली होती: बालवाडीसमोरचे पांढरे पट्टे. तिथे पायी चालणाऱ्याला कुणी गाडीवाला जुमानत नाही, हे मला घरूनच ठाऊक होतं.

घरून म्हणजे सासूबाईंकडून. आमच्या लेकीला, खारूताईला, बालवाडीत सोडायचं काम आईंचं. मागच्या महिन्यात त्या पट्ट्यांवरच एका गाडीने त्यांच्या पिशवीला धक्का दिला. पिशवीतली सफरचंदं रस्ताभर घरंगळली आणि मागून येणाऱ्या गाड्यांखाली फटाफट फुटली. आईंनी खारूताईला छातीशी धरलं आणि तशाच मागे फिरल्या. तेव्हापासून लांबच्या सिग्नलवरून वळसा. गुडघे दुखतात, पोर मधेच "कडेवर" म्हणून बसकण मारते. शेवटी त्या म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत रेटते. पुढे मला झेपायचं नाही बाई. एक तर पोर घरी राहू दे, नाही तर तू."

मला घरी राहायचं नव्हतं.

बेत सोपा होता. पट्ट्यांच्या बराच अलीकडे, रस्त्याच्या कडेला एक नारिंगी शंकू ठेवायचा. गाडी शंकूच्या पलीकडे, लांब असतानाच मी पट्ट्यांवर पाय टाकायचा, म्हणजे चालवणाऱ्याला थांबायला भरपूर जागा मिळते. त्यातूनही नाहीच थांबला, तर आमची एक सहकारी बाकड्यावरून वायरलेसवर कळवणार. तिला आम्ही दुर्बीण म्हणतो. लांबून येणाऱ्या गाडीचा नंबर ती आपल्याआधी वाचते. आणि पुढच्या वळणावर हवालदारकाका पावतीपुस्तक घेऊन उभे.

पहिल्या सकाळी मी ठसठशीत पिवळा सदरा घालून उतरले. पहिली गाडी थांबली. दुसरी थांबली. दुधाची गाडी थांबली, बस थांबली. एका पठ्ठ्याने तर मला पाहून घाईघाईने सीटबेल्ट लावला!

हवालदारकाका वळणावर जांभया देत बसले. उन्हं चढल्यावर साहेब आले, कंबरेवर हात ठेवून बघत राहिले.

"बाई, इथे तर रामराज्य आहे."

"साहेब, रोज असं नसतं."

"रोजचं मला काय माहीत? मी आजचं बघतोय. उद्याची सकाळ घ्या. उद्याही हेच, तर परवापासून सगळे बाजारात, वेड्यावाकड्या पार्किंगवर."

संध्याकाळी आई ओट्यापाशी गाजरं किसत होत्या. मी झाला प्रकार सांगितला. मला वाटलं होतं, हळहळतील. त्या हसायलाच लागल्या.

"चालून दाखव बघू."

"आत्ता?"

"मग काय, मुहूर्त काढू?"

मी स्वयंपाकघरातून बाहेरच्या दारापर्यंत चालून दाखवलं. आईंनी किसणी खाली ठेवली. "अगं, ही काय चाल? मोर्चा अडवायला निघालीस की रस्ता ओलांडायला? आणि तो हात बघ!"

मी पाहिलं. माझा डावा तळहात कमरेपाशी आपोआप उभा राहिला होता. इतकी वर्षं वाहनं थांबवून थांबवून त्या हाताला दुसरं काही येतच नाही. माझ्या मागोमाग खारूताई पळी उंच धरून चालत होती. "थांबा! शगळे थांबा!"

"ही एक कमी होती," आई म्हणाल्या. "सरका दोघी. मी दाखवते."

त्यांनी ओट्याजवळचं पायपुसणं फुटपाथ ठरवलं. त्याच्या कडेवर उभ्या राहिल्या. एक पाय खाली टाकला, मागे घेतला. पुन्हा टाकला. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर. काचेआडच्या न दिसणाऱ्या चेहऱ्याकडे पाहून एक ओशाळं हसू. मग मान आत ओढून, अर्धं चालत अर्धं पळत, दारापर्यंत.

"गाडीवाल्याची माफी मागत चालायचं गं. त्यात काय अवघड आहे?"

ही बाई दारात आलेल्या आगाऊ विक्रेत्याला नुसत्या भुवईने परत पाठवते. माझ्या नवऱ्याने आजवर तिच्यापुढे आवाज चढवलेला नाही. आणि रस्त्यावर उतरली की ती अशी चालते, काहीतरी चोरल्यासारखी, आणि तेही आमच्या पोरीचा हात धरून.

"परत दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी परत दाखवलं. मग मी चालले, त्यांनी चुका काढल्या. "खांदे पाड... अजून पाड... तुझ्या बापाचा रस्ता नाही तो!" गाजरं तशीच राहिली.

दुसऱ्या सकाळी मी आईंचीच कापडी पिशवी घेतली. सदरा तोच पिवळा, जागा तीच. गाडी शंकूपासून लांब असतानाच मी एक पाय पट्ट्यावर टाकला आणि हसले, तसंच, ओशाळं.

गाडी थांबली तर नाहीच, तिचा वेगही कमी झाला नाही. तिच्या वाऱ्याने पिशवी फडफडली. मी पाय मागे घेतला. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मला आनंद झाला.

"आला! पांढरी गाडी, नाही थांबला!" दुर्बीण वायरलेसवर जवळजवळ ओरडली.

त्यानंतर हवालदारकाकांना जांभई द्यायला उसंत मिळाली नाही. वळणावर रांग लागली. तिथला आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"अहो, ती बाई येतेय की जातेय, कळतच नव्हतं! आधी तिने ठरवावं ना!"

"पट्ट्यावर पाय पडला की ठरलं, दादा. पुढचं तुम्ही ठरवायचं नसतं, थांबायचं असतं."

"पण मला घाई आहे. माझी मुलगी याच बालवाडीत आहे हो!"

"मग तर तुम्ही सगळ्यांच्या आधी थांबायला हवं होतं," हवालदारकाका म्हणाले आणि शांतपणे पावती फाडली. त्या माणसाने पावती घेतली. मागच्या सीटवर त्याची छोटी खिडकीला नाक लावून बसली होती.

साहेब आले तेव्हा मी पुन्हा एकदा पाय मागे घेत होते. ते कालच्यासारखेच कंबरेवर हात ठेवून बघत राहिले. एक मालवाहू टेम्पो माझ्या अगदी जवळून गेला तेव्हा मात्र त्यांनी स्वतःच शिट्टी तोंडात घातली. तो वळणावर अडकल्यावर माझ्याकडे आले.

"काल काय केलं होतं तुम्ही?"

"काल पोलिसासारखी चालले, साहेब. आज आमच्या सासूबाईंसारखी."

हवालदारकाकांनी रांगेतूनच विचारलं, "साहेब, रामराज्य कुठल्या बाजूला गेलं म्हणायचं?"

"तुम्ही पावत्या फाडा," साहेब म्हणाले. मग टोपी सारखी करत मला म्हणाले, "बाजार राहू दे. इथेच थांबा. पण वेळ बदलत राहा. कधी सकाळ, कधी दुपार. आपण कधी असतो आणि कधी नसतो, हे त्यांना कळता कामा नये."

आम्ही वेळ बदलत राहिलो. कधी मी चालले, कधी दुर्बीण. तिलाही आईंनी आमच्या स्वयंपाकघरात चालवून घेतलं. ती माझ्याहून लवकर शिकली, हे मला आजही ऐकावं लागतं. हळूहळू वळणावरची रांग आखूड झाली. मी खांदे पाडून, हसून, पिशवी बदलून पाहिली, तरी गाड्या थांबू लागल्या.

मग महिनाअखेर आली. त्या सकाळी मी गणवेशात, पलीकडच्या फुटपाथवर उभी होते. समोर आई आणि खारूताई. लांबच्या सिग्नलकडे न वळता त्या पट्ट्यांपाशी येऊन थांबल्या होत्या.

"हात वर करायचा नाही हां," हवालदारकाका बाजूला पुटपुटले. "आज परीक्षा आपली नाही, रस्त्याची आहे."

मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले.

आईंनी एक पाय खाली टाकला. मागे घेतला. एक मोठी गाडी येत होती. त्यांनी पुन्हा पाय टाकला, आणि गाडी पट्ट्यांच्या चांगलीच अलीकडे थांबली. आईंनी सवयीने ओशाळं हसू काढलं. चालवणारा नुसता बसून होता, वाट बघत. पलीकडून येणारी दुचाकीही थांबली. खारूताईने तळहात उभा केला. "थांबा!" सगळे थांबलेलेच होते.

आईंनी पिशवीला हात लावला, खांदा बदलायला. मग नाही बदलला. मान वर केली आणि गुडघे म्हणतील तशा, सावकाश, एकेक पट्टा ओलांडत आल्या.

माझे हात अजून पाठीमागेच होते.

"हात का मागे बांधलेस? थंडी वाजतेय का?" त्यांनी विचारलं आणि खारूताईला माझ्या पुढून बालवाडीच्या फाटकाकडे नेलं. दोन पावलांवर थांबून मागे वळल्या. "आणि ऐक, येताना मी इथूनच येणार आहे. मला सोबत नको."