पाण्यावरच्या उंदराचं गाऱ्हाणं

थांबा, जरा दम घेऊ द्या. मी एक पांढरा उंदीर बोलतोय, आणि हल्ली बोलायचं म्हटलं तरी धाप लागते.

माझा जन्म प्रयोगशाळेतला. बीळ म्हणजे काय, ते मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. आमच्या घराण्याचा वारसा एकच: हृदयाचा स्नायू दुबळा. तो सैल पडत जातो, फुगतो आणि एक दिवस उंदीर आटोपतो. माझी आई अशीच गेली. माणसांच्या पोरांनाही हा रोग होतो म्हणे. त्यांच्यासाठीच तर आमचा हा संसार!

आमच्या डॉक्टरीणबाई मोठ्या चिकाटीच्या. छातीवरचे केस काढून, गारेगार मलम फासून त्या पडद्यावर आमचं काळीज बघायच्या. मी चांगला उड्या मारत होतो, तेव्हाच म्हणाल्या, "याचं सुरू झालंय." रोग लवकर कळला, की औषधही लवकर देऊन बघायचं, हा त्यांचा ध्यास. मग आमची वाटणी झाली. अर्ध्यांना निळ्या बाटलीतलं औषध, अर्ध्यांना नुसतं साखरपाणी. कोण तगतं ते बघायचं. मी पाण्यावरचा. नशीब, दुसरं काय!

पाजायचं काम मावशीकडे. पिंजरेही तीच साफ करायची. शेजारचे टुणटुणीत आणि आम्ही कोपऱ्यात धापा टाकतोय, हे तिला बघवेना. एकदा बाई जेवायला गेल्या, तशी ती निळी बाटली घेऊन आमच्याकडे आली.

"घ्या रे बाळांनो. माझ्या हातून पंक्तिभेद व्हायचा नाही."

थेंब कडूजहर होता. पण थोड्याच दिवसांत मी पुन्हा चाकावर पळू लागलो. मग ती रोजच आम्हालाही पाजू लागली. खोटं कशाला बोलू, मावशीनेच मला जगवलं.

शेवटच्या तपासणीला बाईंनी सगळ्यांची काळजं पाहिली आणि मटकन खाली बसल्या.

"मावशी, पाण्यावरचेही ठणठणीत आहेत हो! मग औषधाने केलं काय? काही नाही. सगळी मेहनत मातीत गेली."

मी जाळीला नाक लावून जीव तोडून ओरडलो. बाईंना वाटलं, भूक लागली असेल.

"जाऊ द्या हो बाई," मावशी म्हणाली, "सगळी लेकरं वाचली, हे काय थोडं झालं?"

बिचारीच्या डोक्यात प्रकाश पडलाच नाही. आता कोणाकोणाला दोष देऊ? राग धरायलाही अंगात बळ लागतं.

औषध बंद झालं. आम्ही सगळेच, दोन्हीकडचे, पुन्हा धापा टाकतोय. आज मावशी उरलेल्या निळ्या बाटल्या मोरीत ओततेय. मध्येच माझ्याकडे बघून तिचे डोळे भरून आले.

"तुला दिलं असतं रे राजा. पण याने काही होत नाही म्हणे. बाईंनीच सांगितलं."

होतं गं मावशी, होतं! ओतू नकोस. मला नाही दिलंस तरी चालेल. पण तू आम्हाला काय पाजलंस, तेवढं बाईंना सांग.