अडसर

मी दवाखान्याचा दरवाजा बोलतोय. तोरणमाळच्या पायथ्याच्या एका पाड्यावर मिशनने दोन खोल्या बांधल्या, तेव्हा जुन्या घराच्या सागवानी फळ्यांतून सुताराने मला घडवलं. आतून जाड अडसर दिला.

मला रोज उघडायची लुसिया, पोर्तुगालची नर्स. नवरा वारला, मुलं संसाराला लागली, आणि तिच्या चर्चने परदेशी सेवेसाठी माणसं मागितली तेव्हा ती आली. लोक तिला सिस्टर म्हणत. ती मोडक्यातोडक्या पावरी बोलीत सांगायची, मठातली सिस्टर नाही मी, तुमच्यासारखीच प्रापंचिक बाई आहे. पाड्यातली आशा नावाची मुलगी तिच्या हाताखाली शिकली. मिशनचे फादर महिन्यातून एकदा येत. बाकी सगळं या दोघीच बघत.

उन्हाळ्यात पाड्यातल्या वीरसिंगचा मुलगा तापाने गेला. आधी भगताकडे नेला होता. इथे आणला तेव्हा उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी वीरसिंगने ठरवून टाकलं की त्याच्या भावाची विधवा रमिलाबाई डाकीण आहे, तिनेच पोराला खाल्लं.

भर दुपारी रमिलाबाई धावत आली. डोकं फुटलेलं, उजवा हात लोंबत होता. लुसियाने तिला आत ओढलं, आशाने अडसर घातला. मागोमाग पंधरा-वीस माणसं आली. धोंडे बसले, मग वीरसिंगची कुऱ्हाड. फळी चिरली, पातं आत डोकावलं. मी आता फार वेळ टिकणार नव्हतो.

लुसियाला ते कळलं. ती म्हणाली, "मी बाहेर जाते. मागे अडसर घाल. मी हाक मारली तरी काढू नकोस."

"ताई, मी जाते. माझी माणसं आहेत ती."

"म्हणूनच तू मागे राहायला हवीस."

कुऱ्हाड फळीत रुतली होती. ती उपटताना वीरसिंग उताणा पडला, माणसं मागे सरली. तेवढ्यात अडसर काढून लुसिया बाहेर सटकली, आशाने तो मागे पुन्हा घातला. तिची पाठ मला टेकली.

"पोरगा माझ्या हातांत गेला, वीरसिंग," ती म्हणाली. "मारायचं तर मला मार."

त्याने कुऱ्हाडीचा दांडा घातला. एकदा, दोनदा. ती खाली बसली, पण माझ्यापासून हलली नाही. शेवटचा धोंडा कुणी घातला ते मी पाहिलं. कोर्टात मला कुणी विचारलं नाही. तिने हाक मारली, आशाचं नाव घेऊन. आत आशा अडसर दोन्ही हातांनी दाबून रडत राहिली.

शहाद्याच्या इस्पितळात पोचण्याआधीच लुसिया गेली. वीरसिंग तुरुंगात आहे. फादर दुसरी परदेशी नर्स मागवणार होते. आशाने सांगितलं, नको, मी आहे.

रमिलाबाई आता इथेच राहते. उजवा हात तिला उचलता येत नाही.

परवा वीरसिंगची बायको तान्ही मुलगी घेऊन आली. मुलीचं अंग तापाने भाजत होतं. हाक न देता ती उन्हात बसून राहिली. आशाने फटीतून पाहिलं आणि माझ्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली. अडसर काढला नाही. मागून रमिलाबाई आली. तिने डाव्या हाताने अडसर ओढला, बाहेर गेली आणि म्हणाली, "पोर दे इकडे."

माझ्या जागी आता लोखंडी दार येणार आहे. येऊ दे. मला चुलीत घाला, तक्रार नाही. फक्त नव्या दाराला कडी अशी लावा, की एका हाताच्या बाईलाही ती आतून काढता येईल.