पांढऱ्याला दीड घर जास्त

घानातल्या कुमासीत न्यार्कोइतका मोठा फोटोग्राफर झाला नाही, असं न्यार्को स्वतःच सांगायचा. दुसरं कोणी सांगत नसल्यामुळे ते कामही त्याच्याच गळ्यात पडलं होतं. चाळीस वर्षं रोलचा कॅमेरा हाकलेला माणूस. डिजिटल घेतल्यावर आयएसओ, शटर, ॲपर्चर हे शब्द तो कांडलेल्या फुफूच्या घासासारखे न चावता, न समजता गिळू लागला.

त्याची सासू चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेली. एवढं भरलेलं आयुष्य, तिथं दुःखाचं काळं कशाला? रविवारी अख्खं कूळ पांढरं नेसून चर्चमधून आलं. सासूची नव्वदीतली थोरली बहीण आफ्राकोमा दुपारच्या गाडीनं गावी परतणार होती. तिच्यासह सगळ्यांचा हा शेवटचाच फोटो. मेहुणा अमोआको बाहेरचा फोटोग्राफर आणत होता, पण न्यार्कोनं ‘मी जिवंत असताना?’ म्हणून त्याला गप्प केलं होतं.

“दाजी, आकडा कुठला लावलात?” अमोआकोनं विचारलं.

“तुला नाही झेपायचं. प्रकाशाचं शास्त्र आहे ते,” न्यार्को म्हणाला आणि हळूच चाक ऑटोवर सरकवलं.

खटक!

आफ्राकोमा मावशीनं चष्मा चढवून कॅमेऱ्याचा पडदा पाहिला. “लेकरा, आम्हाला काढलंस की वाळत घातलेलं धुणं? तोंडं कुठायत?”

कपडे राखाडी, चेहरे अंधारात बुडालेले. न्यार्कोनं आधी उन्हाला दोष दिला, मग मांडवाला. मग शब्द संपले आणि नाइलाजानं आठवण सुरू झाली. रोलच्या काळात पांढरी मंडळी समोर आली की तो न सांगता कॅमेऱ्याच्या चाकावर दीड घर पुढं सरकून जास्त उजेड द्यायचा. नाहीतर उजेड मोजणारं मीटर पांढऱ्यानं दिपून सगळंच काळवंडायचं.

“मावशी, हे यंत्रही तसंच भोळं आहे,” तो पुटपुटला. “मला त्यातलं काही कळेना, म्हणून मी त्याला शहाणं समजलो.”

“म्हणजे शास्त्र?” अमोआको दात काढत म्हणाला.

“शास्त्र कसलं! भीती होती रे.”

बाहेर गाडीनं भोंगा वाजवला. न्यार्कोनं चाक ऑटोवरून, उजेड आपल्या हातानं वाढवता येतो त्या पी-वर आणलं, एक्सपोजर अधिककडे दीड घर नेलं. खटक! चेहरे उजळले, सुरकुत्यांसकट.

“भावोजी!” मेहुणी किंचाळली. “माझ्या लेसवरची फुलं पुसली गेली!”

“जाऊ दे,” मावशी म्हणाली. “बेतली वाईटच होती.”

गाडीत चढताना तिनं अमोआकोला बजावलं, “माझ्या वेळीही ह्यालाच बोलवा. फक्त तोंड बंद ठेवायला सांगा.”

न्यार्कोला ते मान्य झालं. का मान्य झालं, ते गाडी वळणाआड गेली तरी तो सांगतच होता.