पाठीवरचे फोड

जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांचा दौरा दिंद्रुडला येणार होता आणि पाटलाच्या माणसानं घरोघर सांगून ठेवलं होतं, की घरटी एक गडी वेठीला यायचा. तंबू, पेट्या, भांडी, सगळं डोक्यावर वाहायचं. बंकटच्या घरात गडी म्हणजे तो एकटाच. मागल्या दौऱ्यात हातातून पेटी निसटली म्हणून एका शिपायानं त्याला सगळ्यांदेखत काठीनं मारलं होतं. तेव्हापासून तो म्हणायचा, मेलो तरी पुन्हा जाणार नाही.

त्यामुळं दौरा तोंडावर आला असताना तो अंग मोडून आलंय म्हणत घोंगडीत शिरला, तेव्हा त्याच्या बायकोला, चतुराबाईला, ते काही खरं वाटलं नाही. अंग तापलं होतं. पण उन्हातून आलेल्या माणसाचंही तापतं. दुसऱ्या दिवशी त्यानं बंडी वर केली तर छातीवर, पोटावर लाल ठिपके उठलेले. उन्हं कलेपर्यंत त्यांत पाणी भरलं.

चतुराबाईची नजर कोनाड्याकडे गेली. टाचांच्या भेगांना लावायचे बिब्बे तिथं असत. बिब्ब्याचं तेल चांगल्या कातडीला लागलं की काळा डाग पडतो आणि फोड उठतात, हे गावात सगळ्यांनाच ठाऊक. वेठ चुकवायला कुणी कुणी ते मुद्दाम लावून घेतं, असंही तिनं ऐकलं होतं. कोनाड्यातले बिब्बे कमी झाल्यासारखे वाटले. पण आधी किती होते, ते तिला तरी कुठं आठवत होतं? आणि फोड नेमके हात पोचतो तिथंच आले होते.

तिनं नवऱ्याला विचारलं नाही. विचारलं आणि तो खोटं बोलला, तर पाटलापुढं तेच खोटं तिलाही बोलावं लागलं असतं.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारणींनी देवी आली म्हणून दारं लावून घेतली, पारावरची माणसं बिब्ब्याचं नाव घेऊन हसली. बबनराव पाटलाचा विश्वास कशावरच नव्हता. तो स्वतः आला. बंकटला उजेडात उभं करून त्यानं बंडी वर करायला लावली, अंगठा ओला केला आणि एक फोड रगडला. फोड फुटला. पाटलानं अंगठा निरखून पाहिला, त्यावर काळं काही नव्हतं.

"धुतलं आसंल," तो म्हणाला. मग चतुराबाईकडं वळला. "तू सांग. ह्यानं काय लावलं का आंगाला?"

"मला ठाव न्हाई, मालक."

बंकटनं तिच्याकडं पाहिलं. तिनं पदर पुढं ओढून घेतला.

पाटलाला तेवढं पुरलं. बंकटला पुन्हा काही लावता येऊ नये म्हणून त्यानं दारावर माणूस बसवला. नवे फोड आले नाहीत, तर बंकटला चावडीवर ओढून आणायचं, असं बजावून तो गेला.

दिवस मावळायच्या आत चतुराबाईनं लिंबाचा पाला उकळून नवऱ्याचं अंग पुसायला घेतलं. पाठ पुसता पुसता तिचा हात थांबला. दोन खांद्यांच्या मधोमध, जिथं माणसाचा स्वतःचा हात पुरत नाही, तिथं नवे फोड होते, दवाच्या थेंबासारखे टवटवीत. केसांतही बोटांना चार-दोन लागले. छाती-पोटावरचे, आदल्या दिवसाचे, मात्र मधे खचून गढूळ झाले होते. तिनं त्याचे तळहात, तळपाय पाहिले. ते साफ होते, तिथं ना फोड होते ना बिब्ब्याचा डाग.

तिला आष्टीचं माहेर आठवलं. लहानपणी तिला आणि भावाला एकदमच कांजिण्या आल्या होत्या. जुने फोड वाळायला लागले की नवे उगवायचे, आणि खाज अशी सुटायची, की आईनं दोघांची नखं कापून टाकली होती.

"मागं बी आल्यात," ती म्हणाली. "हात पुरत न्हाई तिथं."

बंकटनं मान वळवली. "म्हंजे तुला बी तसंच वाटत व्हतं."

तिनं फडकं पाण्यात बुडवून पिळलं.

सकाळी ती पाटलाच्या आईला, मंजुळाबाईला, बोलावून घेऊन आली. म्हातारीचं तोंड देवीच्या वणांनी भरलेलं होतं. त्याच साथीत तिच्या दोन बहिणी गेल्या होत्या. तिनं बंकटला वळवून वळवून पाहिलं आणि दारावरच्या माणसाला ऐकू जाईल असं सांगितलं, "ही देवी न्हाई. देवीत आधी ताप माणसाला आडवा करतो. मग तोंडावर, हातापायावर फोड येत्यात, समदे एकदमच पिकत्यात. हे आळीपाळीनं आल्यात. कांजण्या हायत. समद्या खपल्या धरस्तोवर ह्याला माणसात नेऊ नका."

पाटलानं माणूस उठवला, पण मन साफ झालं नाही. बंकटच्या बायकोनं माझ्या आईला फशी पाडलं, असं तो चावडीवर बोलून दाखवायचा. तेवढ्यात दौरा लांबला. बंकटच्या खपल्या गळाल्या, आणि मग पाटीलच तापानं पडला. मोठेपणी कांजिण्या जोरात येतात. त्याच्या तोंडावरसुद्धा जागा राहिली नाही.

मंजुळाबाईनं चतुराबाईला बोलावलं, कारण तिला येऊन गेलेल्या होत्या. बंकटनं जाऊ नको म्हटलं, तरी ती गेली. तिनं पाल्याचं पाणी पुढं ठेवलं, तेव्हा पाटील भिंतीकडं सरकला.

"काय घातलं पान्यात?"

चतुराबाईनं आपला हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवला आणि तसाच ठेवला. पाटील त्या हाताकडं पाहत राहिला. कातडी लाल होत नाही, फोड येत नाही, हे पाहून त्यानं स्वतःचा हात पुढं केला. बरा होईतो ती रोज जात होती, आणि रोज तो आधी तिला हात पाण्यात बुडवायला लावी.

दौरा शेवटी आलाच. बंकटला कसलंच निमित्त उरलं नव्हतं. तो वेठीला गेला, तंबू वाहिले, मार न खाता परत आला. जेवायला बसल्यावर त्यानं विचारलं, "पाटलानं इचारलं, तवा न्हाई लावलं म्हनून कावून सांगितलं न्हाईस?"

"मी बगितलं नव्हतं," चतुराबाई म्हणाली. "न बगता काय सांगू?"

त्यानं मान हलवली. मग त्यानं आणखी अर्धी भाकर मागितली.