दारातलं बोलणं

"मॅडम, एन्कोडर बंद केल्याशिवाय सोडू नका. शेवटचा तुकडा तो पोटातच धरून ठेवतो," विनोदने बजावलं होतं. आवाजाच्या फाइली दाबून लहान करणारी सी या संगणक-भाषेतली ती एन्कोडर-लायब्ररी त्याचीच. आरोग्यसेविकांच्या मोबाइलवरच्या रेकॉर्डिंग ॲपमध्ये चालावी म्हणून प्रोग्रामर कीर्ती तिला जावा या दुसऱ्या संगणक-भाषेची जोड देत होती. मांडीवर तापलेली लेक, टायपिंग एका हाताने.

"जावा सगळं आपोआप आवरते हो," म्हणून तिने विषय मिटवला.

महिन्याभराने तिने तुमसरला घरी बसून मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या बपेऱ्याची, तिथल्या उपकेंद्रात सेविका करुणाने भरलेली रेकॉर्डिंग्ज ऐकली. शेवंताबाई नावाची म्हातारी धानाचं बोलायची, गुडघ्याचं बोलायची, "मले ना लेक ना लेकरू" म्हणून हसायची. मग उठल्याची खुडबुड. "आन् करुणा, एक सांगाचंच रायलं..."

पुढे काही नाही. म्हातारी तीनदा आली होती, तिन्ही वेळी नेमकं तिथेच तुटलेलं. कीर्तीच्या मनात पाल चुकचुकली. ही सेविका काय दडवते आहे? तिने फोन लावला.

"करुणाताई, शेवटचं बोलणं कापता का तुम्ही?"

"काहून कापू वं? माणूस दाराबाहेर पडेपर्यंत चालूच ठेवते मी. खरं दुखणं लोकं दारातच सांगतात. माह्यावर संशय घेऊन राहिल्या का?"

"मग शेवंताबाई काय म्हणाली?"

"उपकेंद्रात दिवसभर इतकी माणसं येतात, ध्यानात कसं राहीन? म्हणून तर आवाज भरते न. डॉक्टर ऐकतीन म्हणून."

कीर्तीचा विश्वास बसेना. तिने लेकीला थोपटताना गायलेलं अंगाईगीत त्याच ॲपवर भरलं. परत ऐकलं, तर शेवटची ओळच गायब. विनोदने बजावलेली, एन्कोडर बंद करण्याची एक ओळ कोडमध्ये घातली, आणि गाणं पूर्ण आलं. शेवंताबाईचं गेलेलं बोलणं मात्र गेलंच होतं.

तिने करुणाला परत फोन लावला. "ताई, एकदा शेवंताबाईच्या घरी जाऊन या न."

संध्याकाळी करुणाचा फोन आला. "दार नुसतं लोटलेलं होतं. शेजारीण म्हणे, लेकीकडे गेली."

"तिला लेक नाही, ताई."

तिकडे करुणाने चपला पायात सरकवल्याचा आवाज आला. फोन चालूच होता.

शेवंताबाई हरवल्याचं दोघींनी पोलिसांत सांगितलं आहे. तरी तुम्हालाही कीर्तीचं एक मागणं आहे. बपेऱ्याच्या वाटेवर, सीमेच्या अलीकडे-पलीकडे, निघता निघता दारातून मागे वळणारी म्हातारी दिसली, तर नाव विचारा. आणि तिचं बोलून होईपर्यंत थांबा.